आंतरराष्ट्रीय कायदा : मूलतत्त्वे आणि उगम

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी हा विषय निवडला तेव्हा आमच्या शिक्षक-खोलीत थोडा हशा झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सर, वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव काय निघाला ते सांगा. राष्ट्राराष्ट्रांच्या कायद्याशी आपले काय देणेघेणे?" त्यांचा प्रश्न चेष्टेचा असला तरी रास्त होता. मी कायद्याचा पदवीधर नाही. इतिहास व नागरिकशास्त्र शिकविणारा, बी. ए., बी. एड. झालेला एक शिक्षक आहे. तेव्हा या विषयाकडे मी का वळलो ते आधी सांगितले पाहिजे. स्मरणिकेच्या वाचकांसाठी तेच भाषण थोडे नीटनेटके करून येथे देत आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील संध्याकाळी घरी आले. मुलगा आखाती देशात कामाला होता. मालकाशी पगारावरून वाद झाला आणि मुलाला पोलिसांनी अटक केली, एवढेच त्याच्या खोलीतल्या मित्राने फोनवर कळविले होते. वडिलांना वाटले, सर शिकलेले आहेत, सरांना मार्ग ठाऊक असेल. मी रात्री बसून अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी तो येथल्याच एका सरकारी कचेरीत दिला. तीन आठवडे आम्ही उत्तराची वाट पाहिली. अखेर हैदराबादच्या एका ओळखीच्या वकिलांनी विचारले, "तुम्ही भारतीय दूतावासाला कळविले का? त्या मुलाला आपल्या दूतावासाशी बोलण्याचा हक्क आहे, हे त्याला माहीत आहे का?" त्यालाही माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकाला ते माहीत नसावे याची मला फार लाज वाटली. मुलगा चार महिन्यांनी सुखरूप घरी आला, पण ते तीन आठवडे माझ्या अज्ञानामुळे वाया गेले. त्यानंतर मी मिळेल ते वाचू लागलो. आजचे भाषण हे त्या वाचनाचे फळ आहे.

पोलीस नसलेला कायदा

वर्गात हा विषय निघाला की मुले हमखास विचारतात, "सर, ज्या कायद्यामागे पोलीस नाही, तो कायदा कसला?" वास्तविक हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांनीही विचारलेला आहे. देशात संसद कायदा करते, पोलीस त्याची अंमलबजावणी करतात आणि न्यायालय शिक्षा देते. राष्ट्रांच्या डोक्यावर अशी संसद नाही. संयुक्त राष्ट्रांची आमसभा ठराव करते, परंतु तिचे बहुतेक ठराव शिफारशीच असतात. नेदरलँड्समधील हेग येथे आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, परंतु दोन्ही राष्ट्रांची संमती असल्याखेरीज ते खटला चालवू शकत नाही.

तरीही हा कायदा रोज पाळला जातो. दुबईहून टाकलेले पत्र वसमतच्या टपाल कचेरीत पोहोचते, कारण १८७४ साली जागतिक टपाल संघ स्थापन झाला आणि १८७६ पासून भारत त्याचा सभासद आहे. आपल्यातले हाजी दर वर्षी हजला जातात, ते भारत आणि सौदी अरेबिया यांच्यात होणाऱ्या कराराप्रमाणे. २०२४ च्या हजसाठी या करारात भारताचा कोटा १,७५,०२५ यात्रेकरूंचा होता. विमान दुसऱ्या देशाच्या हद्दीतून जाते आणि जहाज दुसऱ्याच्या बंदराला लागते. या सर्व गोष्टी इतक्या बिनबोभाट चालतात की त्यांच्यामागे कायदा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. कायदा मोडला की बातमी होते, पाळला तर होत नाही.

कायदा कोठून येतो?

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील ३८ व्या कलमात या कायद्याचे उगम सांगितले आहेत : राष्ट्रांनी केलेले करार, रूढी, सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली कायद्याची सर्वसाधारण तत्त्वे, आणि साहाय्यक साधने म्हणून न्यायालयांचे निर्णय व विद्वानांचे ग्रंथ. आपण एकेक पाहू.

पहिला उगम करार. करार पाळलाच पाहिजे हे या साऱ्या कायद्याचे बूड आहे. ही कल्पना आपल्याला नवी नाही. इसवी सन ६२८ मध्ये हुदैबियाचा तह झाला, त्या वेळी अबू जंदल नावाचा तरुण साखळदंडांसह मुसलमानांकडे आश्रयाला आला. तहातील अटीप्रमाणे मक्केहून आलेल्या माणसाला परत पाठविणे भाग होते. सोबत्यांना ते अतिशय जड गेले, तरी पैगंबरसाहेबांनी दिलेला शब्द पाळला. अडचणीच्या वेळी पाळला जातो तोच करार खरा, हा त्यातील धडा आहे.

आता माझ्या सहकाऱ्यांच्या हळदीकडे येतो. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या बौद्धिक संपदेविषयीच्या करारात भौगोलिक नावाला संरक्षण देण्याची तरतूद आहे. त्या करारानुसार भारताने १९९९ मध्ये कायदा केला, तो २००३ पासून लागू झाला, आणि २०२४ मध्ये 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडची हळद वसमतच्या नावावर खपविता येऊ नये, या हक्काचा धागा थेट एका आंतरराष्ट्रीय करारापर्यंत जातो.

हळदीचीच दुसरी गोष्ट. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट देण्यात आले. आपल्या आजीला हे सांगितले असते तर ती हसली असती. परंतु आजीचे हसणे पुरावा होत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व छापील शोधनिबंध दाखल केले, आणि ही गोष्ट नवी नाही हे सिद्ध केले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. हा वाद अमेरिकेच्या कायद्याखाली चालला हे खरे, पण हक्क नुसता असून भागत नाही, तो कागदोपत्री दाखविता आला पाहिजे, हा धडा राष्ट्रांनाही लागू आहे आणि आपल्यालाही.

दुसरा उगम रूढी. हा भाग शेतकऱ्यांच्या मुलांना सर्वांत लवकर समजतो. तुमच्या शेतात जाण्याची वाट दुसऱ्याच्या बांधावरून आहे. कागदावर काही लिहिलेले नाही, पण आजोबांपासून बैलगाडी तेथूनच जाते आणि शेजाऱ्यानेही ती कधी अडविली नाही. एके दिवशी त्याने काटे टाकले तर आपण तहसील कचेरीत जातो आणि म्हणतो, ही आमची वहिवाट आहे. राष्ट्रांच्या कायद्यात रूढीला दोन गोष्टी लागतात. सतत व एकसारखा वापर असावा लागतो, आणि तो मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क व कर्तव्य म्हणून चालला आहे ही दोन्ही बाजूंची समजूत असावी लागते.

नेमका असाच वहिवाटीचा खटला पोर्तुगालने भारताविरुद्ध केला होता. दमणजवळचे दादरा आणि नगर हवेली हे मुलूख पोर्तुगिजांकडे होते आणि चहूबाजूंनी भारताचा प्रदेश होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते मुक्त झाले. आपले अधिकारी व सैन्य तेथे नेण्यास भारत वाट देत नाही, अशी तक्रार घेऊन पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या न्यायालयात गेला. आधार काढला तो १७७९ च्या पुणे येथील तहाचा आणि पेशवाईतील १७८३ व १७८५ च्या सनदांचा. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. न्यायासनावर भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून बसले होते मुंबई उच्च न्यायालयाचे नामवंत मुख्य न्यायमूर्ती राहिलेले महमदअली करीम छागला.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की, मराठ्यांनी पोर्तुगिजांना त्या मुलखाचे सार्वभौमत्व दिले नव्हते, केवळ महसूल घेण्याचा हक्क दिला होता. हा हक्क 'सरंजाम' स्वरूपाचा होता, आणि आपला हा मराठमोळा शब्द हेगच्या निकालपत्रात जसाच्या तसा आलेला आहे. तथापि पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांची सत्ता तेथे मान्य केली आणि सव्वाशे वर्षे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांची ये-जा बिनतक्रार चालली. तेवढ्यापुरता वाटेचा हक्क रूढीने निर्माण झाला, मग ती रूढी दोनच राष्ट्रांमधली का असेना. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी मात्र प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी लागे, म्हणून त्यांचा हक्क नाही. आणि १९५४ च्या तणावात भारताने वाट बंद केली, त्यात कर्तव्यभंग झाला नाही. छागलासाहेबांनी आपले वेगळे मत नोंदविले. आपल्या पाणंदीच्या तंट्यात आणि या खटल्यात तत्त्वाचा फरक फारच थोडा आहे.

तिसरा उगम सर्वसाधारण तत्त्वे. स्वतःच्या दाव्यात स्वतः न्यायाधीश होता येत नाही, केलेले नुकसान भरून दिले पाहिजे, एकदा अंतिम निकाल लागलेला दावा पुन्हा उकरता येत नाही, सद्भावनेने वागले पाहिजे. ही तत्त्वे बहुतेक सर्व देशांच्या कायद्यांत आहेत, म्हणून करार व रूढी जेथे गप्प असतात तेथे न्यायाधीश त्यांचा आधार घेतात.

चौथा उगम साहाय्यक : निर्णय आणि ग्रंथ. १९११ साली हेगच्या लवादाने सावरकर प्रकरणात निर्णय दिला. ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्स बंदरात त्यांनी बोटीतून उडी टाकली, फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. फ्रान्सच्या भूमीवरून असे नेणे नियमाला धरून नव्हते, परंतु त्यामुळे त्यांना परत करण्याचे बंधन इंग्लंडवर येत नाही, असे लवादाने म्हटले. हा निर्णय पुढच्या चर्चांमध्ये वारंवार निघाला.

ग्रंथकारांमध्ये हॉलंडच्या ग्रोशियसचे नाव प्रथम घेतले जाते. त्याचा युद्ध व शांतता यांच्या कायद्यावरील ग्रंथ १६२५ चा आहे. परंतु इमाम अबू हनीफा यांचे शिष्य इमाम मुहंमद अश-शैबानी यांनी आठव्या शतकातच 'सियर' या नावाने युद्ध, तह, दूत आणि परकीय प्रवासी यांचे नियम लिहिले होते. शैबानींचा मृत्यू ८०५ सालचा. या विषयाची जगाला ओळख करून देणाऱ्यांत आपल्या शेजारचे एक विद्वान होते, हैदराबादचे डॉ. मुहंमद हमीदुल्लाह. उस्मानिया विद्यापीठात ते आंतरराष्ट्रीय कायदा शिकवीत. आपला वसमत तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे त्या अर्थाने ते आपल्याच विद्यापीठाचे प्राध्यापक होते. आपले पूर्वज मोठे होते असे सांगून थांबणे मात्र पुरेसे नाही. शैबानींनी आपल्या काळाचे प्रश्न सोडविले, आपल्या काळाचे आपण सोडवायचे आहेत.

मूलतत्त्वे आणि १९४८

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील तत्त्वे थोडक्यात अशी : सर्व राष्ट्रे दर्जाने समान आहेत. कोणी कोणाविरुद्ध बळाचा वापर करू नये. तंटे शांततेने मिटवावेत. कोणत्याही देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनीही ढवळाढवळ करू नये. परंतु अमुक एक मुलूख 'राष्ट्र' आहे की नाही, हाच वाद असेल तर? या प्रश्नाला आपल्या जिल्ह्यातील वडीलधारी माणसे साक्षी आहेत.

१९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात राष्ट्राची चार लक्षणे सांगितली आहेत : कायम वस्ती, निश्चित भूभाग, सरकार, आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. हैदराबाद संस्थानात लोक होते, मुलूख होता, सरकार होते, हाली सिक्का होता, स्वतःचे टपाल होते. चौथ्या लक्षणावर मात्र वाद होता, कारण परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हातात होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. संबंध बिघडत गेले आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने सुरक्षा मंडळाकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये मंडळाने विषय घेतला आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार यांनी सांगितले की, हैदराबाद हे कधीच स्वतंत्र राष्ट्र नव्हते, हा अंतर्गत प्रश्न आहे. पुढे निजामाने तक्रार मागे घेतली. मंडळाने गुणदोषांवर निर्णय दिलाच नाही. निजामाच्या शिष्टमंडळात डॉ. हमीदुल्लाहही होते. ते परतले नाहीत आणि पुढचे बहुतेक आयुष्य त्यांनी पॅरिसमध्ये ग्रंथांच्या सहवासात काढले.

मराठवाड्यातील जनतेला जबाबदार राज्यपद्धती हवी होती आणि ती मिळाली, हे १७ सप्टेंबरला आपण सारे मिळून साजरे करतो, ते योग्यच आहे. परंतु शिक्षकाने अर्धा इतिहास सांगू नये. त्या वर्षी रझाकारांनी खेड्यापाड्यांतील निरपराध लोकांवर अत्याचार केले. आणि कारवाईच्या काळात व नंतर निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती भारत सरकारनेच पाठविली होती. तिने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. तिचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. पॅरिसमध्ये हैदराबाद राष्ट्र आहे की नाही याची चर्चा चालली होती, आणि येथे दोन्ही समाजांतील गरीब माणसाचे कोणी विचारत नव्हते. माझ्या मते हीच जुन्या आंतरराष्ट्रीय कायद्याची मोठी उणीव होती. त्याला राष्ट्र दिसे, माणूस दिसत नसे.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न त्याच पॅरिसमध्ये तीनच महिन्यांनी झाला. १० डिसेंबर १९४८ रोजी आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असे शब्द आले, ते भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. तेव्हापासून हा कायदा हळूहळू माणसाकडे पाहू लागला आहे.

निजामाच्या पैशांची गोष्टही येथेच सांगतो. त्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या बँकेतील सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळविले गेले. निजामाने दावा केला, परंतु परकीय राष्ट्राला त्याच्या संमतीवाचून न्यायालयात खेचता येत नाही, या तत्त्वावर १९५७ मध्ये तो अडला. २०१३ मध्ये पाकिस्तान स्वतःच दावा घेऊन आला, तेव्हा ती ढाल गळून पडली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल निजामाचे वारस व भारत यांच्या बाजूने लागला. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. एका तत्त्वाने दावा साठ वर्षे थोपविला आणि त्याच तत्त्वाच्या मर्यादेने तो मोकळा केला.

त्या मुलाचा हक्क

आता माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. १९६३ चा व्हिएन्ना करार दूतावासांच्या या कामाविषयी आहे. त्याचे ३६ वे कलम सांगते की, परदेशी माणसाला अटक केली तर त्याच्या हक्कांची माहिती त्याला विनाविलंब दिली पाहिजे, त्याने मागणी केल्यास त्याच्या दूतावासाला कळविले पाहिजे, आणि दूतावासाच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटण्याचा व वकील मिळवून देण्याचा अधिकार आहे.

याच कलमावर महाराष्ट्रातील कुलभूषण जाधव यांचा खटला उभा राहिला. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा सुनावली होती. भारत हेगला गेला, हरीश साळवे यांनी बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी ३६ व्या कलमाचा भंग झाल्याचे ठरविले. निकाल वाचून दाखविणारे अध्यक्ष सोमालियाचे अब्दुलकवी अहमद युसूफ होते. न्यायालयाने शिक्षा रद्द केली नाही किंवा सुटकेचा हुकूमही दिला नाही, खटल्याचा परिणामकारक फेरविचार करा असे सांगितले. कायद्याची ताकद किती आणि मर्यादा कोठे, हे एकाच निकालात दिसते. आणि संमतीचा नियम दोन्हीकडे सारखाच चालतो. १९९९ मध्ये विमान पाडल्याबद्दल पाकिस्तानने भारतावर दावा केला, तेव्हा न्यायालयाला अधिकार नाही असे भारताने म्हटले आणि २००० साली न्यायालयाने ते मान्य केले.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलगा परदेशी निघाला की त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची व कामाच्या कराराची प्रत घरात ठेवा. तेथील भारतीय दूतावासाचा पत्ता व फोन नंबर त्याला पाठ करायला लावा. परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' ही तक्रार नोंदविण्याची सोय २०१५ पासून आहे, ती समजून घ्या. दूतावास तुरुंगाचे दार उघडू शकत नाही, त्या देशाचा कायदा आपल्या मुलाला लागू असतो. पण तो एकटा राहणार नाही, एवढे नक्की करता येते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या राज्यघटनेचे ५१ वे कलम सांगते की, आंतरराष्ट्रीय कायदा व करारांची बंधने यांविषयी आदर वाढविण्याचा प्रयत्न राज्याने करावा. हेगच्या न्यायासनावर बी. एन. राव, नागेंद्र सिंह, आर. एस. पाठक आणि दलवीर भंडारी हे भारतीय बसले, त्यांपैकी नागेंद्र सिंह १९८५ ते १९८८ या काळात अध्यक्षही होते. वसमतच्या शाळेतून तेथवर जाण्याची वाट लांब आहे, पण बंद नाही. तुमच्यापैकी एखादी मुलगी किंवा मुलगा कायद्याच्या अभ्यासाकडे वळला तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन. आणि कोणी नाहीच वळले, तरी संध्याकाळी दारात येणाऱ्या एखाद्या बापाला 'आधी दूतावासाला कळवा' एवढे तरी तुम्ही त्याच दिवशी सांगू शकाल. मला ते सांगता आले नव्हते.